समोर काढलेलं दूध

त्या वर्षी विहिरीत पुरुषभर पाणी होतं, पण चाऱ्याचं काही खरं नव्हतं. बांधावरचं गवत करपून गेलं होतं. सुक्या चाऱ्याची गंजी उन्हाळा अर्धा सरायच्या आत कमरेएवढी खाली आली आणि गाई दूध चोरायला लागल्या. गाई पाच. सून पहाट फुटली की बादली गुडघ्यांत धरून बसायची, कोमट पाण्याने कास पुसायची, सड ओढायची. चार-सहा धारा झाल्या की बोटांनाच कळायचं, आज ही काही मनापासून देत नाही.

गोठ्याच्या दारात गिऱ्हाइकं उभी असायची. ही या घराची रीत होती. चौदा घरं इथलं दूध न्यायची, आणि प्रत्येक घरचं कुणीतरी आपलं भांडं घेऊन दारात येऊन उभं राहायचं. आधी रिकामी बादली उपडी करून दाखवायची, मग त्यांच्यासमोर धार काढायची आणि फेसासकट त्यांच्या भांड्यात ओतायची. ही रीत सासऱ्यांनी, आबांनी, तीस वर्षांपूर्वी घातली. त्याआधी ते डेअरीला दूध घालायचे. तिथल्या कॅनवर सरकारी शिक्का असायचा. त्याच कॅनमध्ये नळाची रबरी नळी सोडलेली आबांनी स्वतः पाहिली होती, आणि शिक्का मारणारा साहेब शेजारी खुर्ची टाकून कलिंगड खात होता.

"बिया थुंकत होता," आबा अजून सांगायचे. "एक बी माझ्या पायावर पडली. त्या दिवशी ठरवलं, आपल्याला शिक्का नको. या, उभे राहा, बघा, पटलं तर न्या. नाही पटलं तर वाट मोकळी आहे."

"तुम्हाला एकदा निवडणुकीला उभं करायला पाहिजे आबा," शिंपीणबाई म्हणायच्या. त्या नेहमी पहिल्या यायच्या, कडेवर वर्षभराचा नातू आणि हातात पितळी डबा. "निवडून आलात की दुसऱ्या दिवशी सगळ्या कचेऱ्यांना टाळं."

"सगळ्या नाही. एक ठेवीन. चोराला धरायला आणि लबाडाला धरायला. बाकी माणसं आपसात बघून घेतील, त्यांना काय अक्कल नाही?"

"आमच्या ह्यांना नव्हती," शिंपीणबाई म्हणायच्या, आणि दारातली सगळी हसायची.

सूनही हसायची. चार वर्षांपूर्वी ती या घरात आली तेव्हा तिला हे म्हाताऱ्याचं खूळ वाटलं होतं. कॉलेजात रसायनशास्त्र शिकलेली मुलगी, तिला प्रयोगशाळा, मोजमाप, प्रमाणपत्र यांवर विश्वास. पण सासूबाई गेल्या, नवरा ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी. धार काढायला बसली तेव्हा तिला कळलं, की चौदा जोडी डोळे बोटांवर असताना माणूस वेडंवाकडं करू शकत नाही. खूळ असेल, पण चालत होतं.

*

ओढ्यापलीकडे दोन वर्षांपूर्वी भट्टी आली. गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या फोडायच्या आणि आतलं शिसं वितळवून लाद्या पाडायच्या. भट्टी सुरू होण्याआधी कचेरीने खांबावर कागद चिकटवला होता: कुणाची हरकत असेल तर पंधरा दिवसांत कळवावं. सुनेने अर्ज लिहिला. चांगल्या अक्षरात, मुद्दे घालून. आबांनी तो चष्मा लावून दोनदा वाचला.

"अक्षर सुरेख आहे. पण सही मी करणार नाही."

"आबा, शिशाचा धूर फार वाईट असतो. लहान मुलांना तर..."

"जमीन त्याची आहे ना? त्याने काय करायचं ते मी कोण सांगणार? उद्या माझ्या शेणाचा वास येतो म्हणून कुणी अर्ज केला तर? माझ्या हद्दीत त्याची घाण आली, माझं नुकसान झालं, तर मी त्याची मानगूट धरीन. त्याला मध्ये साहेब कशाला? साहेब दोघांकडचं कलिंगड खाईल."

आणि ते खरंच गेले. भट्टीवाल्याच्या समोर बसून आले. भट्टीवाला वाईट माणूस नव्हता. त्याने खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. दोघांनी करार केला आणि तो लिहून काढायला सुनेलाच बसवलं. धुराने वा राखेने आबांचं जनावर दगावलं तर भट्टीवाला तसंच जनावर आणून देईल. शिवाय भट्टीच्या भिंतीलगतची गवताची पट्टी आबांची. भट्टीचं गार करायचं पाणी त्या बाजूला सोडलेलं होतं, म्हणून तिथलं गवत बारा महिने हिरवंगार.

"बघ," घरी येताना आबा म्हणाले होते, "साहेबाने दिलं असतं का हे गवत?"

या उन्हाळ्यात त्या पट्टीनेच गोठा तारला. सून दुपारी विळा घेऊन जायची. भिंतीच्या सावलीत उकिडवं बसून कापत पुढे सरकायचं. गवत मऊ होतं, पण पात्यांवर करडी पूड बसलेली असायची. बोटांना लागली की रेघांत शिरायची आणि साबणाने निघायची नाही. भारा डोक्यावर घेतला की मान आखडायची. गोठ्यामागच्या हौदात ती गवत बुडवून खळबळून काढायची, तीन-तीनदा. पाणी शाईसारखं व्हायचं. हात काखेपर्यंत भिजलेले, पाठ मोडलेली, आणि मनात एकच: धुतलंय, धुतलंय ना.

"अगं, कापड नाही ते, गवत आहे," आबा म्हणायचे. "किती धुशील!"

*

भुरी आजारी पडली ती अशी, की आधी कुणाला आजार वाटलाच नाही. ती दात खायची. करकर करकर, झोपेत मूल खातं तसे. मग तिने वैरण सोडली. तिसऱ्या दिवशी सकाळी सून गोठ्यात गेली तर भुरी कपाळ भिंतीला टेकवून उभी होती, सगळा भार भिंतीवर टाकून. सुनेने तिच्या डोळ्यांपुढे हात हलवला. पापणी हलली नाही.

गुरांचे डॉक्टर दुपारी आले. तोवर भुरी आडवी पडून पाय झाडत होती. आबा कराराचा कागद आणि गवताची मूठ घेऊन तरातरा भट्टीकडे निघून गेले होते, जाब विचारायला. गोठ्यात सून एकटीच. चिमी, तिची तीन वर्षांची मुलगी, दारात बसून एका पत्र्यावर खडे वाजवत होती.

डॉक्टरांनी हिरड्या उलटून पाहिल्या. गवत कुठलं, ते विचारलं. तिने सांगितलं. मग त्यांनी हात धुवायला पाणी मागितलं.

"ही काही राहणार नाही. बाकीच्या चौघींचं रक्त घेतो, दुधाचे नमुनेही घेतो. शहरात पाठवावे लागतील, आठ-नऊ दिवस जातील. ते गवत आजपासून बंद. आणि हे बघ, तपासणी येईपर्यंत दूध कुणाला देऊ नका. अजिबात. आबांना सांग नीट."

"हो," ती म्हणाली.

"तू शिकलेली आहेस म्हणून सांगतो. गवत बंद केलं म्हणून शिसं जात नाही. आत बसतं."

"माहीत आहे मला."

तिला खरंच माहीत होतं. हाडांत बसतं, हळूहळू सुटतं, लहान मुलांच्या अंगात मोठ्यांपेक्षा जास्त भिनतं. परीक्षेत तिने हे लिहिलं होतं आणि तिला त्याचे पुरते गुण मिळाले होते.

आबा परतले ते जिंकून. घामाने सदरा पाठीला चिकटलेला, पण चेहरा उजळलेला. "एका शब्दाने नाही म्हणाला नाही! परवा बाजाराला चल म्हणाला, पसंत कर, त्याच तोलाची गाय घेऊन देतो. याला म्हणतात व्यवहार. कुठे अर्ज नाही, कुठे खेटे नाहीत." मग भुरीकडे लक्ष गेलं आणि ते तिच्याजवळ बसले, तिच्या मानेवरून हात फिरवत राहिले. "डॉक्टर काय म्हणाला?"

सून दोराची गाठ सोडवत होती. "गवताने झालं म्हणाले. ते बंद करायला सांगितलंय."

"केलं बंद. अजून?"

सकाळीच दोघांचं वाजलं होतं. भुरीला भिंतीशी उभी पाहून तिच्या तोंडून गेलं होतं, तेव्हा अर्ज केला असता तर. आणि आबा म्हणाले होते, माझ्या घरातच माझ्या शब्दावर भरवसा नसेल तर बाहेरच्यांनी का ठेवावा. आता दूध बंद म्हणायचं म्हणजे चौदा घरांना कारण सांगायचं. तीस वर्षांत एक दिवस न चुकलेलं दार लावायचं, आणि ते लावायला लावणारी ती. आबा म्हणतील, पुस्तकातलं भूत आणलंस गोठ्यात. शिवाय नक्की कुठे काय आहे? नमुने स्वच्छही येतील. बाकीच्या चौघी तर खात-पीत होत्या.

"दुधाचे नमुने नेलेत," ती म्हणाली. "तपासलेलं बरं, म्हणाले."

"तपासू दे की. आपल्याला कसली भीती?"

एवढंच झालं. मधलं एक वाक्य तिने गिळलं. गिळताना तिला वाटलं होतं, की रात्री जेवताना सांगू, नाहीतर उद्या.

*

दुसऱ्या दिवशी पहाटे भुरीची जागा रिकामी होती. शिंपीणबाईंनी दारातूनच हळहळ व्यक्त केली. सुनेने रिकामी बादली उपडी करून दाखवली, जशी रोज दाखवायची तशी, आणि काळीच्या कासेला हात घातला. आवाज तोच, वास तोच, धार पांढरीशुभ्र. नातवाने डब्यात हात घालून फेस चाटला. सगळे बघत होते. बघण्यासारखं त्यात काही नव्हतं.

त्याच सकाळी ती चिमीला घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात गेली आणि दुधाची पिशवी घेतली. पिशवीवर निळा शिक्का होता. ती तो तिथेच उभी राहून वाचत होती, तारखेसकट. दुकानदार म्हणाला, "दूधवाल्यांच्या घरी पिशवी? आज सूर्य कुठून उगवला?"

"गाई आटल्यात," ती म्हणाली. खोटं किती पटकन आलं. चिमीला ते दूध आवडेना. सुनेने साखर घातली आणि मांडीवर घेऊन चमच्याने भरवलं. रिकामी पिशवी चुलीत टाकली.

असे नऊ दिवस. रोज ठरवायची, आज सांगते. आबा नवी गाय आणण्यात गुंतले होते. भट्टीवाल्याने शब्द पाळला. पांढऱ्या कपाळाची, दुसऱ्या वेताची गाय दावणीला आली. आबा ज्याला-त्याला तिची शिंगं दाखवत होते. चौथ्या दिवशी तिने तोंड उघडलं, तर दूध न्यायला मास्तर आले आणि विषय गेला. सहाव्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की आता सांगायचं तर पाच दिवसांचंही सांगावं लागेल. रोज सांगायचं ओझं एका दिवसाने वाढत होतं. शिंपीणबाईंचा नातू उभं राहायला शिकला होता. गोठ्याच्या चौकटीला धरून तो सुनेच्या खांद्यापर्यंत यायचा, तिच्या केसांना हात लावायचा. ती मान खाली घालून धार काढायची.

आबांना तिने सांगितलं असतं तर त्यांनी दार बंद केलं असतं. हे तिला आठव्या दिवशी, चाऱ्याला पाणी मारताना, अगदी लख्ख कळलं. कुरकुर केली असती, दोन शब्द सुनावले असते; पण लावलं असतं. तो माणूस असाच होता. त्यांना न सांगण्याची सगळी कारणं तिने स्वतःच तयार केली होती.

*

डॉक्टर सकाळी आले, तेव्हा गिऱ्हाइकं नुकतीच गेली होती. त्यांनी मोटारसायकल बंद केली नाही, आधी वाटेने जाणाऱ्या भरल्या भांड्यांकडे पाहिलं.

"काळीच्या दुधात आहे. तांबडीच्याही. बरंच आहे. बाकी दोघींच्या कमी, पण आहे." मग भांड्यांकडे बोट. "हे काय? दूध चालू आहे?"

"चालूच आहे," आबा म्हणाले. "तपासणी आल्याशिवाय काय बंद करायचं?"

"मी सांगितलं होतं, आबा. तोवर कुणाला देऊ नका म्हणून. हिला बजावून सांगितलं होतं."

आबांनी सुनेकडे पाहिलं. ती बादलीचं कडं धरून उभी होती. मग ते डॉक्टरांना म्हणाले, "तुम्हाला कचेरीत कळवायचं असेल तर कळवा. जे असेल ते लिहा."

"कळवावं लागणारच. भट्टीचंही लिहितो. उशीर झालाय, पण लिहितो."

डॉक्टर गेल्यावर आबा आधी भट्टीकडे गेले. सून मागून चालत राहिली, त्यांनी तिला थांब म्हटलं नाही. भट्टीवाल्याने सगळं ऐकून घेतलं. त्याचा चेहरा खरोखर पडला.

"आबा, तुम्हाला शब्द दिला, तो पाळला. गाय दिली. अजून लागली तर अजून देईन. पण तुमच्या गिऱ्हाइकांना मी कुठे शब्द दिला होता? त्यांना मी ओळखतसुद्धा नाही."

आबा खुर्चीतून उठले, मग पुन्हा बसले, मग उठले. बाहेर आल्यावर ते पहिल्यांदा बोलले.

"चल. घरोघर जायचंय."

उन्हं वर आली होती. आबा पुढे, अनवाणी. घाईत जोडे राहिले होते. प्रत्येक दारात ते तेच बोलत. दूध वाईट निघालं. पोरांचं रक्त तपासून घ्या, डॉक्टरकडे आजच न्या. दोष आमचा आहे. कुणी विचारलं, कधी कळलं, तर म्हणायचे, "घरात नऊ दिवसांपासून माहीत होतं." कुणाला माहीत होतं, ते त्यांनी एकाही दारात सांगितलं नाही. सून मागे उभी असायची आणि तो 'घरात' शब्द दर वेळी तिच्या अंगावरून जायचा.

मास्तरांनी दार तोंडावर लावलं. तिसऱ्या घरच्या म्हाताऱ्याने विचारलं, "पाणी तर घातलं नव्हतं ना?" आणि नाही म्हटल्यावर त्याचं समाधान झालं, त्याला पुन्हा पहिल्यापासून समजवावं लागलं. पाचव्या घरची सून बाळंतीण होती. तिथे आबांनी हात जोडले.

शिंपीणबाई मशीनवर होत्या. नातू पायांशी चिंध्यांच्या ढिगात बसला होता. आबांनी आपलं बोलणं सुरू केलं, आणि अर्ध्यातच त्यांनी मशीनचं चाक हाताने थांबवलं. नातवाला उचलून मांडीवर घेतलं, त्याचा चेहरा आपल्याकडे वळवून पाहिला, जसं काही तिथे दिसणार होतं.

त्या ओरडल्या नाहीत. नऊ दिवसांचं ऐकूनही नाही. थोड्या वेळाने त्यांनी मान वर केली ती सुनेकडे, आणि त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, काळजी होती.

"अगबाई, मग चिमीचं गं? ती तर दिवसभर दुधावरच असते. हाडं किती कोवळी तिची. तिलाही घे, आपण दोघी मिळूनच जाऊ डॉक्टरकडे."

खोलीत कापडाचा, तेलाचा वास होता. सुनेला वाटलं, हो म्हणावं. नुसतं हो म्हणायचं होतं. चिमीला कडेवर घ्यायचं आणि शिंपीणबाईंच्या बरोबर चालू लागायचं, दोघी सारख्याच घाबरलेल्या.

"तिला मी देत नव्हते," ती म्हणाली.

"काय?"

"हे दूध. डॉक्टर म्हणाले त्या दिवसापासून नाही दिलं तिला. दुकानातलं आणत होते."

शिंपीणबाईंनी नातवाचं डोकं हाताने आपल्या छातीशी झाकून घेतलं आणि तिच्यापासून जराशा, वीतभर, मागे सरकल्या.

आबा दाराच्या पायरीवर बसले. हे त्यांना माहीत नव्हतं. सुरकुतलेल्या पायांना धूळ लागली होती, एका अंगठ्यातून रक्त येत होतं. ते त्याकडेच बघत राहिले. सून त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"तीस वर्षं," ते म्हणाले, "मी सगळ्यांना म्हणत आलो, या आणि बघा. भांडं बघा, हात बघा." त्यांनी अंगठ्यावरचं रक्त धुळीने दाबलं. मग म्हणाले, "साहेब आला असता तर त्यानेही दूधच तपासलं असतं, आपल्या घरातला पेला नाही."

"आबा, मी तुम्हाला सांगायला हवं होतं. तुम्ही बंद केलं असतं."

"केलं असतं." त्यांनी एवढंच म्हटलं, आणि त्यात दिलासा नव्हता. "अजून आठ घरं राहिलीत. मला नाही जमायचं आता. तू जा."

ती एकटी निघाली. ऊन डोक्यावर होतं. सातव्या घराचं दार उघडंच होतं. आतून भांड्यांचा आणि मुलांच्या भांडणाचा आवाज येत होता. तिने कडी वाजवली. घरची बाई हात पुसत बाहेर आली, तिला बघून हसली.

"अगं, तू? आणि या वेळेला? ये ना, आत ये."

ती उंबऱ्याबाहेरच थांबली. आबांचं बोलणं तिला सहा दारांत ऐकून पाठ झालं होतं, दूध वाईट निघालं, इथून सुरू होणारं. ते तिने सोडून दिलं.

"माझी मुलगी नऊ दिवसांपासून हे दूध पीत नाही," तिने सांगायला सुरुवात केली.